सोन्याचे हात आणि स्तानाचा ब्रेक

आधी हात पाहावेत, माणूस मागाहून. उजव्या अंगठ्याला नख नाही. ते एकोणतीस वर्षांपूर्वी भट्टीच्या दाराने घेतले. डाव्या तळव्यावर वाफेने भाजल्याचा पांढरा डाग आहे, द्राक्षाच्या पानाएवढा. बोटांच्या रेषांत काजळी अशी मुरली आहे, की ईस्टरच्या सकाळी प्रसादाची भाकर घ्यायला तो ओंजळ पुढे करतो, तेव्हा धर्मगुरू दरवर्षी क्षणभर थबकतात आणि मग आपल्याच थबकण्याची लाज वाटून दोन तुकडे जास्त देतात. या हातांनी अडतीस वर्षे माणसे डोंगरावर नेली आणि डोंगरावरून खाली आणली. नवऱ्या नेल्या, शवपेट्या आणल्या, मेंढ्यांसह मेंढपाळ नेले, चीज घेऊन बाया आणल्या. एक डबा रुळावरून उतरला नाही, एका म्हातारीच्या टोपलीतले एक अंडे फुटले नाही.

या हातांचा उल्लेख राजवाड्याच्या कागदांत कुठेही नाही. तिथे उल्लेख आहे तो दुसऱ्याच हातांचा. आणि तो करणारा म्हणून नाव छापले आहे ते मात्र याचे. रादिसावच्या एकोणीस वर्षांच्या संतापाचे मूळ एवढेच आहे, आणि ते एका कपभर कॉफीत आहे.

रादिसाव आमच्या डोंगरी गाडीचा चालक. खाली ब्रोदाक, वर वुचे, मधे बारा किलोमीटरची अरुंद वाट. त्याचे वडील याच वाटेवर रूळ तपासत चालायचे. याचा जन्मही रुळाकाठच्या चौकीतला. त्याचे इंजिन वाफेचे आहे आणि त्याचे नाव स्ताना. आमच्याकडे घरात मुलीमागून मुली होऊ लागल्या, की शेवटच्या मुलीचे नाव ‘स्ताना’ ठेवत. म्हणजे ‘आता थांब’. या वाटेवर आलेले हे शेवटचे वाफेचे इंजिन, म्हणून बायकांनीच त्याचे बारसे केले. इंजिनाच्या खोपटीत, वाफेचा दाब दाखवणाऱ्या घड्याळाच्या वर, संत निकोलसांची पितळी चौकटीतली तसबीर आहे. रादिसाव चढताना तिला हात लावतो, उतरताना लावतो, आणि मधल्या वेळात तिच्यापुढे शिवी देत नाही. त्या खोपटीला तो घर मानतो. हे ध्यानात ठेवावे, कारण पुढची सारी अडचण या घरपणातच आहे.

आता राजे. जनतेने मते देऊन त्यांना परत बोलावले, तेव्हा ते पन्नाशीचे होते. जन्म परदेशात, शिक्षण परदेशात. आपली भाषा त्यांना दाईने आणि प्रार्थनेच्या पोथ्यांनी शिकवली. त्यामुळे ते बोलू लागले की देवळात वाचन चालल्यासारखे वाटते. बाजारात ते कांदेवालीला म्हणाले होते, “हे माते, या कंदाचे मोल काय?” त्या बाईने कांदे तसेच देऊन टाकले आणि घरी जाऊन रडली, असे सांगतात. त्यांचा कुणाला राग नाही. ते सायकलवरून फिरतात, जुने रेडिओ उघडून बसतात, नकाशे जमवतात, ओढ्यात गळ टाकून मासा लागण्याची वाट पाहतात आणि लागलाच तर सोडून देतात. राजवाड्याच्या वेबसाइटवर ‘महाराजांचे जीवन आणि आवडी’ असे एक पान आहे, त्यात हे सगळे आहे. आणि शेवटी, ठळक अक्षरांत, वाफेचे इंजिन आहे.

एकोणीस वर्षांपूर्वी, ऑगस्टच्या आरंभी, संत इलियांच्या दिवशी राजांनी पहिल्यांदा स्ताना चालवली. इलिया हे मेघगर्जनेचे संत. त्यांच्या दिवशी काम करू नये, वीज पडते, असे रादिसावच्या आईने त्याला शिकवले होते. राजाज्ञा म्हणून त्याने ते मोडले, आणि आधी देवळात मेणबत्ती लावली. ब्रोदाकपासून मठाच्या पुलापर्यंत दोन किलोमीटर सपाटी. राजांनी गाडी नेली ती ठीक. पण पुलाशी ब्रेकचा दांडा असा काही ओढला, की स्तानाची चाके जागच्या जागी गोठली, रुळांवर किंचाळत घसरली, डब्यात भजनी मंडळातल्या बाया एकमेकींच्या मांडीवर पडल्या आणि धर्मगुरूंची टोपी घरंगळत शेवटच्या बाकाखाली गेली. गोठलेले चाक घसरले, की घासलेल्या जागी चपटे होते; मग ते फिरताना टक, टक, टक असे दुखणे सांगत राहते.

राजे खाली उतरले, तेव्हा त्यांचा चेहरा पहिल्यांदा घोड्यावर बसलेल्या पोरासारखा उजळला होता. कुणीतरी कॉफीचे तबक आणले. राजांनी त्यातला पहिला कप स्वतः उचलून रादिसावच्या हाती दिला. रादिसाव म्हणाला, “सोन्याचे हात.”

आमच्याकडे हे वाक्य कुणी ठरवून म्हणत नाही. ते श्वासासारखे बाहेर पडते. वाढणारीला म्हणतात, पाणी देणाऱ्याला म्हणतात, शेजारीण मीठ घेऊन आली तर म्हणतात, न्हाव्याने मानेवरचे केस झटकले तरी म्हणतात. मिठाची गुणवत्ता त्यात तपासलेली नसते. पण राजांच्या पोथीत हे वाक्य नव्हते, आणि त्यांच्याबरोबर परदेशातून आलेल्या लेखनिकाच्या कानांनाही ते नवे होते. राजांनी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिले. लेखनिकाने वही काढली. त्या आठवड्यात पानावर आले: “रेल्वेचे सर्वांत अनुभवी चालक रादिसाव म्हणतात, महाराजांचे हात सोन्याचे आहेत.”

मग दरवर्षी इलियांचा दिवस, दरवर्षी राजे, दरवर्षी पूल, दरवर्षी किंचाळी. आणि दर हिवाळ्यात रादिसाव नि भट्टीत कोळसा टाकणारा त्याचा फायरमन ओब्राद स्तानाची चाके काढून यंत्रावर पुन्हा गोल करत. रादिसावने राजवाड्याला पत्र लिहिले, की आपण ते कॉफीसाठी म्हणालो होतो. उत्तर आले, सोबत राजांचे छायाचित्र: “महाराजांना आपला विनय भावला.” त्याने दुसरे पत्र लिहिले, की हा विनय नव्हे, चाके चपटी होतात. उत्तरात पदक आले, दीर्घ सेवेबद्दल. तिसऱ्या पत्राला उत्तर आले नाही. पण पानावर ‘अनुभवी’ शब्दाआधी ‘विनयशील’ हा शब्द वाढला.

तोंडावर सांगणे शक्य नव्हते, आणि इथे राजशिष्टाचाराचा प्रश्नच नव्हता. आमच्याकडे पाहुणा उंबऱ्यात असेपर्यंत त्याला ‘चुकलास’ म्हणत नाहीत. तो सूपात टोपी बुडवो, गादीला भोक पाडो, यजमान म्हणतो, घर आपलंच आहे. रादिसावची खोपटी म्हणजे रादिसावचे घर, आणि वर संत निकोलस बघत असत. राजे दरवर्षी विचारत, “मिस्त्री, आजचे गमन कसे झाले?” आणि रादिसावच्या तोंडून दरवर्षी, दात आवळूनही, तेच निघे: “याहून चांगलं कुणाला जमायचं नाही, महाराज.” घरी येऊन तो भिंतीशी बोलत बसे.

हे असेच चालले असते. पण यंदा राजांचा सत्तरावा वाढदिवस आला, आणि जुलैत फलाटावर सूचना लागली. या वर्षी महाराज संपूर्ण मार्ग चालवतील, वुचेपासून खाली ब्रोदाकपर्यंत. डब्यांत भजनी मंडळ, शाळेची मुले आणि निवृत्त शिक्षकांचा संघ. एकूण शहाण्णव माणसे.

रादिसाव सूचना वाचून थेट स्टेशनमास्तर त्रिफुनच्या खोलीत शिरला. त्रिफुन त्याचा कूम. रादिसावच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी हातांवर धरणारा, म्हणजे सख्ख्या भावाहून जवळचा. म्हणूनच दोघे एकमेकांशी कधी गोड बोलत नाहीत.

“कूम, हे वाचलंस?”

“वाचलं. खाली सही माझीच आहे.”

“वुचेपासून खाली? कोपरावरून?”

कोपर म्हणजे दरीवरचे वळण. तिथे वाट इतकी वाकते, की शेवटच्या डब्यातला माणूस इंजिनातल्या माणसाला आपली टोपी देऊ शकेल, असे आम्ही म्हणतो.

“सत्तरावा वाढदिवस आहे त्यांचा,” त्रिफुन म्हणाला. “सपाटीवर दोन किलोमीटर नेऊन कसला साजरा होतोय तो?”

“अरे, तो माणूस सपाटीवर चाकं चपटी करतो. उतारावर चाक गोठलं तर गाडी थांबत नाही, घसरत जाते. बर्फावरून गेल्यासारखी. पुढे कोपर. खाली नदी.”

“तूच म्हणालास ना, सोन्याचे हात.”

“कॉफीला म्हणालो.”

“एकोणीस वर्षं कॉफीला म्हणतोयस, रादिसाव. कॉफी निवली आता.”

“मी चालवत नाही जा. आजारी पडतो त्या दिवशी.”

“पड की. राजधानीतून एक चालक येईल, डिझेलवाला. स्तानाला शिट्टी कुठून असते हेही त्याला माहीत नसेल. तो राजांच्या मागे हात जोडून उभा राहील. चालेल?”

 रादिसावने त्रिफुनच्या मेजावरचे जर्दाळू उचलले आणि सवयीने पुटपुटला, “सोन्याचे हात.” मग स्वतःचेच ऐकून त्याने ते परत ठेवले.

आठवड्याने राजवाड्यातून चिटणीसबाई आल्या, केसेनिया. छायाचित्रांच्या जागा ठरवायला. पांढरे बूट घालून त्या इंजिनात चढल्या, याचे ओब्रादला फार कौतुक वाटले.

“मिस्त्री, तुम्ही इथे बसायचं. या कोळशाच्या पेटीमागे, वाकून. मागच्या वर्षी तुमच्या टोपीचं टोक फोटोत आलं होतं. ते पुसायला आमची दोन माणसं दोन दिवस बसली.”

“बाई, मला महाराजांशी बोलायचंय.”

“विषय?”

“ब्रेक.”

“त्याची प्रशंसा पानावर आहेच.”

“प्रशंसा नाही. ते ब्रेक फार जोरात ओढतात.”

बाईंनी लिहून घेतले. रादिसावने मान वाकवून वाचले: ‘महाराजांच्या जोमाचे चालकांना आजही नवल वाटते.’

“हे मी म्हणालो नाही.”

“जोरात म्हणालात ना?”

“चुकीचं आहे म्हणालो.”

“नाही, चुकीचं असं तुम्ही म्हणाला नाहीत,” बाई शांतपणे म्हणाल्या, आणि ते खरे होते. तो शब्द त्याच्या तोंडून त्या खोपटीत, संतांच्या तसबिरीखाली, पाहुणीसमोर निघालाच नव्हता. “आणि महाराज बोलल्याखेरीज आपण बोलायचं नसतं. चालत्या इंजिनावर ते बोलत नाहीत. तिथे ते सुखात असतात. त्यांना फार थोड्या ठिकाणी सुख मिळतं, मिस्त्री. तेवढं सांभाळा.”

त्या गेल्यावर ओब्राद कोळशाच्या ढिगावर बसला आणि टोपीने वारा घेऊ लागला.

“मी सांगू? ब्रेकच्या नळीची चावी बंद करून ठेवतो. ते ओढू देत हवं तेवढं. खरा ब्रेक तू मागं बसून हातानं फिरव.”

“म्हणजे स्तानाला खोटं बोलायला लावू? अडतीस वर्षांत ती एकदा खोटं बोलली नाही माझ्याशी.”

“मग तू खरं बोल.”

“ते जमत नाही मला.”

“म्हणजे इंजिन तुझ्यापेक्षा बरं.”

रादिसाव त्या दिवशी घरी आला आणि जोडे न काढताच बाकावर बसला. त्याची बायको यागोदा आलुबुखारांच्या बिया काढत होती. तिचे मनगटापर्यंतचे हात जांभळे झाले होते.

“जोडे,” ती म्हणाली.

त्याने जोडे काढले. “यागोदा, शहाण्णव माणसं आहेत. आपल्या लेकीची, मारिच्काची, दोन्ही पोरं आहेत शाळेच्या डब्यात.”

“ठाऊक आहे. त्यांचे शर्ट मीच शिवतेय.”

“मी त्याला सांगू शकत नाही.”

“घरात माझी डाळ पातळ झाली तर बरं सांगू शकतोस.”

“तू पाहुणी आहेस का?”

यागोदाचे हात थांबले. ती हसली; तिच्या हसण्यात राग होता, नवऱ्यावरचा, राजावरचा, एकोणीस वर्षांवरचा.

“माझ्या बहिणीचा नवरा आठवतो? पहिल्या वर्षी गवत कापायच्या दिवसांत येऊन बसला होता. रोज सूपाला नावं ठेवायचा. बाबा रोज म्हणायचे, घर आपलंच आहे. तिसऱ्या दिवशी बाबांनी त्याच्या हातात विळा दिला. दुपारपर्यंत गवत कापून घेतलं. आणि जेवायला बसल्यावर त्याला असं झाडलं, असं झाडलं, की पोराचे कान लाल झाले. आई म्हणाली, अहो पाहुणा आहे. बाबा म्हणाले, हातात अवजार घेतलं की माणूस पाहुणा राहत नाही, घरचा होतो. घरच्याला बोलायला मला कुणाच्या बापाची भीती?”

रादिसावने तिच्याकडे पाहिले.

“तुझ्याकडे अवजार नाही का इंजिनात?” यागोदा म्हणाली, आणि पुढचे आलुबुखार उचलले.

इलियांच्या दिवशी पहाटे त्याने दोन मेणबत्त्या लावल्या. एक दरवर्षीची. दुसरी कशासाठी, हे त्याने धर्मगुरूंना सांगितले नाही. आकाश निरभ्र होते. संत कुठे गर्जत असतील तर आमच्याकडे नव्हते.

गाडी वर गेली ती रादिसावने नेली. राजे पहिल्या डब्यात मुलांबरोबर नकाशा पाहत बसले होते. वुचेला इंजिन फिरवून दुसऱ्या टोकाला जोडले. निघायला अर्धा तास होता. राजे इस्त्रीची घडी मोडली नाही असा निळा कामकरी पोशाख घालून खोपटीत चढले. वर चढताना त्यांनी रादिसावचे पाहून तसबिरीला बोटे लावली. फलाटावरून केसेनियाबाईंनी हाताने खूण केली: मिस्त्री, खाली बसा.

रादिसाव बसला नाही. त्याने ओब्रादच्या हातून कोळशाचा फावडा घेतला, आडवा धरला, आणि एक शब्द न बोलता राजांपुढे केला.

ओब्राद खोपटीतून उतरला आणि पहिल्या डब्यात जाऊन बसला; जणू जन्मभर त्याने याचीच वाट पाहिली होती.

“मिस्त्री, हे कार्यक्रमात नाही,” बाई फलाटावरून म्हणाल्या. रादिसावने वाफेची शिट्टी वाजवली. ती पुरेशी लांब होती.

राजांनी फावड्याकडे पाहिले, भट्टीकडे पाहिले, आणि तो घेतला. पहिला फावडा दाराच्या कडेला आपटून अर्धा सांडला. दुसरा आत गेला. दहाव्याला कपाळावर घाम आला, पंधराव्याला घडी मोडली, पंचविसाव्याला राजांचे नाक, मिशा, गळा, सारे एका रंगाचे झाले. आमच्या वाटेवरच्या प्रत्येक माणसाच्या रंगाचे.

ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले. “मिस्त्री, अग्नी प्रज्वलित झाला काय?”

राजे बोलले होते. आता बोलता येत होते. रादिसावने तसबिरीकडे एकदा पाहिले.

“पेटलाय. पण तुम्ही सगळा कोळसा पुढंच टाकलात. मागचा कोपरा रिकामा आहे. चुकलं.”

राजे त्याच्याकडे वळले. “पुनश्च सांगावे.”

“चुकलं, महाराज.”

त्या काळ्या चेहऱ्यावर हळूहळू एक हसू उमटले. ते कुणा राजाचे नव्हते. “वीस वर्षांत हा शब्द मला या देशात कुणी ऐकवला नाही. मागचा कोपरा कसा भरावा?”

रादिसावने त्यांचे मनगट धरून फावडा कसा वळवायचा ते दाखवले. मागचा कोपरा भरला. मग त्याने टोपी काढली, कारण उरलेले सांगायला टोपी काढावी असे त्याला वाटले.

“अजून एक. तुमचे हात सोन्याचे नाहीत.”

“तुम्हीच तर म्हणालात.”

“कॉफीसाठी म्हणालो. तुम्ही कप दिलात. कप देणाऱ्याला आम्ही म्हणतोच. पाणी देणाऱ्याला म्हणतो. न्हाव्याला म्हणतो. तुम्ही ब्रेक फार वाईट धरता, महाराज. दरवर्षी चाकं चपटी होतात. सपाटीवर चालून गेलं. आज खाली कोपर आहे, आणि मागं शहाण्णव माणसं आहेत.”

 राजे फावड्याच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून उभे होते आणि त्या हातांकडे पाहत होते, जसे पहिल्या दिवशी पाहिले होते.

“मिस्त्री,” ते म्हणाले, आणि यावेळी त्यांची पोथीतली भाषा अडखळली. “लोक माझ्या बोलण्यावर हसतात. हे मला ठाऊक आहे. रेडिओ उघडतो, ते पुन्हा जुळत नाहीत. मला वाटे, या भूमीत एक कर्म मला नीट साधते. केवळ एक. मी त्या वाक्यावर… पुष्कळ दिवस काढले.”

 एकोणीस वर्षे ज्या माणसावरून रादिसाव भिंतीशी भांडला, तो माणूस भिंतीसारखा नव्हता; आणि राग ठेवायला आता जागाच उरली नाही, याचाच त्याला राग आला. त्याची जुनी सवय तोंडापर्यंत आली. “तसं नाही महाराज, फोटोसाठी तुम्ही दांड्यापाशी उभे राहा. मी खाली बसून धरतो ब्रेक.”

“खाली बसून पुढचे वळण दिसते काय?”

“नाही.”

“मग बसू नये,” राजे म्हणाले, आणि फावडा घेऊन भट्टीकडे वळले.

स्ताना वुचेहून निघाली. आम्ही दुसऱ्या डब्यात भजन म्हणत होतो, आणि कुणालाही काही कळले नव्हते. उतार लागला. रादिसावने ब्रेक आधी धरला, हलका, जसा झोपलेल्या लेकराच्या पाठीवर हात. आणि आधीच सोडला. पुन्हा धरला, पुन्हा सोडला. जिथे धाक वाटतो तिथे ओढायचे नसते, त्याच्या कितीतरी अलीकडे नुसते टेकायचे असते. हे अडतीस वर्षांचे शहाणपण राजे फावडा थांबवून पाहत होते. कोपर आला. दरीतला वारा आत घुसला. गाडी वाकली, डबे वाकले, भजनाचा सूर वाकला, आणि सारे पुन्हा सरळ झाले.

“किती अल्प,” राजे म्हणाले.

“एवढंच लागतं.”

मठाच्या पुलाशी, सपाटीवर, राजांनी विचारले, की एकवार प्रयत्न करावा काय. रादिसावने जागा दिली. राजांनी दांडा हलकेच धरला. पण सोडायला उशीर केला. डब्यात आम्ही सगळे पुढे झुकलो. कुणी पडले नाही. टोप्या डोक्यांवरच राहिल्या.

“कसे झाले?”

“बरं नाही झालं,” रादिसाव म्हणाला. “मागच्यापेक्षा बरं.”

ब्रोदाकला गाडी थांबली. रादिसावने आपल्या थर्मासमधली कॉफी झाकणात ओतली आणि राजांना दिली. राजांनी ती दोन्ही हातांनी घेतली, त्याच्याकडे पाहिले, आणि म्हणाले, “सोन्याचे हात.” मग बाई आल्या, पंचा आला, बँड वाजू लागला, आणि राजांना घेऊन गेले.

छायाचित्रकारांनी प्रत्येक वळणावर चालकाच्या बाजूवर नेम धरला होता. त्यांना प्रत्येक वळणावर रादिसाव मिळाला, आणि त्याच्या मागे काजळीने काळा झालेला एक फायरमन. तो कोण, हे कुणी ओळखले नाही. पंधरा दिवसांनी त्रिफुन नवे पान छापून घेऊन शेडमध्ये आला. ओब्राद चाकांखाली तेल घालत होता. फोटो मागच्या वर्षीचाच होता, टोपी पुसलेला. मजकूर त्रिफुनने मोठ्याने वाचला.

“‘सत्तराव्या वर्षीही महाराज कोळसा टाकण्यात तितकेच निष्णात आहेत. विनयशील आणि अनुभवी चालक रादिसाव म्हणतात, महाराजांचे हात…’ पुढचं वाचू?”

“नको,” रादिसाव म्हणाला. त्याने कागद घेतला, घडी केली, उलगडली, पुन्हा घडी केली. “मी त्याला तोंडावर सांगितलं. स्वतः सांगितलं. तरी हे.”

“पत्र लिही चौथं.”

“आणि पदक घे दुसरं,” चाकांखालून ओब्राद म्हणाला.

त्रिफुन गेला.  रादिसावने खाली वाकून, हळू आवाजात विचारले.

“ओब्राद. तो मला सोन्याचे हात म्हणाला. ते कॉफीला म्हणाला, की ब्रेकला?”

ओब्राद चाकांखालून बाहेर आला.

“आता कळलं तुला,” तो म्हणाला, “एकोणीस वर्षं त्याचं काय झालं असेल ते.”

 रादिसाव उठून स्तानाच्या पहिल्या चाकाशी गेला, आणि नख नसलेल्या अंगठ्याने त्याची कड चाचपत फिरला. एक चाक, दुसरे, तिसरे. सगळी गोल होती. फक्त पुलाशी ब्रेक सोडायला झालेल्या उशिराने शेवटच्या चाकावर एक लहानसा चपटा ठसा आला होता, नखाएवढा. त्याने त्यावर अंगठा ठेवला आणि तो तसाच उभा राहिला.